दोन वेढे कमी

शाळेत पहिल्या दिवशी मला कोणीतरी "मॅडम" म्हणून हाक मारली, तेव्हा मी मागे वळून पाहिलं. म्हटलं, कोणी साहेबीण आली की काय! गावात मी सगळ्यांची अक्का. वीस वर्षं जळक्या मोटरी दुरुस्त करणारी, आणि खरं सांगायचं तर तोंडाने जरा फाटकी. अशा बाईला फळ्यापुढे उभं करायचं धाडस आमच्या हेडसरांनी केलं, त्याचं मला आजही नवल वाटतं.

माहेर माझं जळगावचं. वडिलांचं मोटर वाइंडिंगचं दुकान होतं. इतर पोरी दोरीवरच्या उड्या मारायच्या, तेव्हा मी तांब्याची तार मोजायची. लग्न होऊन पारोळ्याजवळच्या या गावात आले, तर नवरा बोअरमध्ये मोटरी सोडण्या-काढण्याचं काम करणारा. म्हणजे जोडी अशी जुळली की तो मोटर वर काढणार, मी ओट्यावर बसून तिचं वाइंडिंग करणार, आणि तो पुन्हा खाली सोडणार. शिक्षण माझं दहावी पास, तेही दुसऱ्या खेपेला.

आमच्या हायस्कुलात नववी-दहावीला व्यवसाय शिक्षणाचा विषय सुरू झाला. एका भाषेच्या जागी पोरांना हा विषय घेता येतो, त्यात वीज, पाइप, जोडकाम असं सगळं हाताचं काम. शिकवायला नेमलेला मास्तर चार महिन्यांत नाशिकला नोकरी लागली म्हणून निघून गेला. मग एके दिवशी हेडसर स्कुटीवरून माझ्या ओट्यापाशी आले. मला वाटलं, शाळेची मोटर जळली असेल. सर म्हणाले, "मोटर ठीक आहे. मास्तर जळालाय. तुम्ही या." मी खो खो हसले. सर हसले नाहीत, तेव्हा मी हातातली पक्कड खाली ठेवली.

पहिले पंधरा दिवस मी शिकवलं कसलं, नुसती भांडले. आमच्या धंद्यात एक रीत आहे. शिकायला आलेल्याने पहिलं वर्ष फक्त बघायचं. पक्कड धरायची ती उस्तादाने, वेढे मोजायचे ते उस्तादाने. कोणत्या मोटरीला किती वेढे, कोणत्या जाडीची तार, हे ज्या डायरीत लिहिलेलं असतं ती डायरी तर कोणाच्या बापालाही दाखवायची नाही. माझ्या वडिलांची डायरी देव्हाऱ्याखालच्या फळीत असायची. मी त्यांची पोटची पोर, तरी मला ती लग्नाच्या आदल्या आठवड्यात हातात मिळाली. त्यामुळे वर्गात एखाद्या पोराने तार वाकडी ओढली की माझा हात आपोआप पुढे जायचा, "सोड रे, नासवशील!" आणि पक्कड माझ्या हातात यायची. चोवीस पोरं माझ्याभोवती उभी राहून माझं काम बघायची.

त्यात एक डावखुरी पोरगी होती. दहावीची, उंच, बोलायला अगदी कमी. तिची जोडी लावली होती ती एका अखंड बडबड्या पोराशी. एक दिवस मी तिच्या हातातून पक्कड ओढायला गेले, तर तिने सोडलीच नाही. "मॅडम, मला चुकू द्या ना," म्हणाली.  माझं डोकं असं तापलं की काय सांगू! पण ती उर्मटपणे बोलली नव्हती. तिला खरंच चुकून बघायचं होतं. मी पक्कड सोडली. तिने तार दोनदा चुकवली, तिसऱ्यांदा बरोबर ओढली, आणि वर पाहून अशी हसली की माझाच जीव हरखून गेला.

तिथून खरा वर्ग सुरू झाला. बाई गं, काय दिवस होते ते! घंटा झाली तरी पोरं उठायची नाहीत. कोणी घरचा पंखा उचलून आणायचा, कोणी आजीचा मिक्सर, एकाने तर चालू मिक्सर उघडून आणला आणि घरी मार खाल्ला. बोअरच्या मोटरीत चालू करायच्या आधी पाणी भरावं लागतं हे मी सांगितलं, तेव्हा तर गोंधळ उडाला. "विजेच्या मोटरीत पाणी? मॅडम, तुम्ही तर म्हणता ओल्या हाताने बटणाला शिवू नका!" मग मी त्यांना तारेवरचं प्लास्टिकचं कवच दाखवलं, पाणी मोटरीला थंड ठेवतं ते समजावलं. मी वीस वर्षं मोटरीत पाणी भरत होते, पण ते नवलाचं आहे हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. घरी येऊन नवऱ्याला सांगत बसले, भाकरी तव्यावर करपली.

हे सगळं एका माणसाला पसंत नव्हतं. शाळा समितीचे अध्यक्ष, गावचे नाना. माणूस वाईट नाही. पंचायतीतही त्यांचा शब्द चालतो, आणि शाळेची इमारत त्यांच्याच खटपटीने उभी राहिली. पण त्यांना आमची खोली हवी होती, जादा तासांसाठी. "अक्का," ते अहिराणीत सरळ म्हणायचे, "पोरं शिकीसन साहेब व्हवाले पाहिजेत. तारा गुंडाळाले शाळा कसाले लागस?" मी काही बोलायला तोंड उघडलं की हेडसर मधे पडायचे. मार्चपर्यंत निर्णय घेऊ, असं त्यांचं आपसात ठरलं होतं.

जानेवारी संपता संपता, एका सोमवारी, गावाच्या पाणीपुरवठ्याच्या बोअरमधली साडेसात हॉर्सपॉवरची मोटर जळली. नाना शाळेतच बसले होते. जळगावला पाठवली तर आठ दिवस लागणार, असं कोणीतरी म्हणालं. मी तारेचं बंडल घेऊन ऑफिसवरून चालले होते, मला कोणी विचारलंही नव्हतं, आणि मी दारातूनच बोलले, "आठ दिवस कशाला? माझी पोरं चार दिवसांत करतील."

नाना हसले. "पोरं करतीन? गावनं पानी पोरंस्ना हातमा?"

झालं. हसले नसते तर मी गप्प बसले असते, देवाशप्पथ. पण ते हसले. "शुक्रवारी पोरांची प्रॅक्टिकलची परीक्षा आहे," मी म्हणाले. "बाहेरचे परीक्षक येणार आहेत. त्यांच्यासमोर बोअरवर मोटर चालू करून दाखवते. नाही चालली तर खोली तुमची. मी पुन्हा शाळेची पायरी चढणार नाही." हेडसरांनी कपाळाला हात लावला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण नाना म्हणाले, "मंजूर," आणि मग मागे फिरायचा प्रश्नच नव्हता.

एक गोष्ट इथेच सांगायला हवी. त्या मोटरीचं आधीचं वाइंडिंग माझंच होतं. मागच्या फाल्गुनात मी केलेलं. ती मोटर तेव्हापासून धड चाललीच नाही. दोन तास चालायची, तापायची आणि आपोआप बंद पडायची. उन्हाळाभर बायका हंडे घेऊन ताटकळल्या. ग्रामसभेत मला विचारलं गेलं, तेव्हा मी भर सभेत ठणकावून सांगितलं होतं, "वाइंडिंगला बोट लावायला जागा नाही. लाइनमधल्या विजेचा दाब कमी आहे. वायरमनला विचारा." लोक त्या वायरमनभाऊंवर तुटून पडले. तो बिचारा सांगत होता, "दाब बराबर शे, मी मोजेल शे," पण त्याचं कोण ऐकतं? त्या दिवसापासून त्याने माझ्याशी बोलणं टाकलं. रस्त्यात दिसला की सायकल दुसऱ्या बाजूने न्यायचा. मला त्याचं काही वाटत नव्हतं, कारण मला माझ्या शब्दावर पूर्ण भरवसा होता.

मंगळवारी सकाळी मोटर वर्गात आली. बोअरची मोटर म्हणजे माणसाच्या उंचीचा लोखंडी पाइपच. तिच्या आतल्या लांब खाचांमधून तार ओवलेली असते. तारेच्या एका गुंडाळीला आम्ही कॉइल म्हणतो. या मोटरीत अशा बारा कॉइल. माझ्याकडे पोरांच्या जोड्याही बारा. मी खूश! एका जोडीला एक कॉइल. जळकी कॉइल दोन्ही टोकांनी कापायची, तारांचे दोन जुडगे बाहेर ओढायचे, तारा मोजायच्या. जितक्या तारा तितके वेढे.

आता दुकानात आम्ही काय करतो? एकच कॉइल मोजतो. बाकीच्या अकरा तशाच असणार, मोजत बसायला वेळ कोणाला? मला तर तीही मोजायची गरज नव्हती, डायरीत लिहिलेलं होतं, सव्वीस. पण चोवीस पोरांना काम तर द्यायला हवं. म्हणून म्हटलं, मोजा बाराही.

खोलीत जळक्या प्लास्टिकचा वास, पोरांचे हात काळे, नाकं काळी, आणि नुसता कल्ला. "मॅडम, सव्वीस!" "आमचे पण सव्वीस!" मी फळ्यावर आकडे लिहीत होते आणि छाती अशी फुगत होती. पोरांना बरोबर मोजता येतंय! अकरा जोड्यांचं झालं. डावखुरी आणि तिचा बडबड्या खाली बसून मोजतच होते.

"आटपा की," मी म्हटलं.

"मॅडम, आमनं चोवीसच भरनं," पोरगा म्हणाला.

"मग चुकलात. पुन्हा मोजा."

पुन्हा चोवीस. मी पोराला झापलं, बोलण्यातून वेळ मिळाला तर मोजशील ना, म्हणून. तिसऱ्यांदा मोजलं. चोवीस. मी म्हटलं, "जळून दोन तारा एकमेकींना चिकटल्या असतील. तुम्हाला एक दिसत असेल. लिहा सव्वीस."

डावखुरीने दोन्ही जुडगे उचलून माझ्या टेबलावर ठेवले. एकेक तार सुटी करून ओळीत मांडलेली होती. "मॅडम," ती हळू म्हणाली, "तारा चिकटल्या असत्या तर एका बाजूला कमी भरल्या असत्या. दोन्ही बाजूंना चोवीस आहेत. दोन वेढे घातलेच नाहीत कोणी."

मी त्या तारांकडे पाहत राहिले, आणि मला तो फाल्गुनातला दिवस लख्ख आठवला. ओट्यावर मी एका टोकाला, नवरा दुसऱ्या टोकाला. मी तार खाचेतून ढकलायची, त्याने ओढून परत पाठवायची. मोजायची फक्त मी. शेवटची कॉइल चालू होती आणि रस्त्यावरून जाणारा एक जण म्हणाला, "बाईना हातनी मोटर, आठ दिन बी टिकाव नही." मी तार टाकून उठले आणि त्याला रस्त्याच्या टोकापर्यंत शिव्या घालत गेले. परत आले तेव्हा धाप लागलेली. नवऱ्याला विचारलं, "किती झाले होते हो?" तो म्हणाला, "मला काय माहीत? मोजतेस तू." मी अंदाजाने पुढचा आकडा धरला.

म्हणजे दाब बरोबर होता. वायरमनभाऊ खरं बोलत होता. एका कॉइलमध्ये दोन वेढे कमी, म्हणून विजेच्या तीन तारांपैकी एका तारेवर, एका फेजवर जास्त भार, म्हणून मोटर तापायची. उन्हाळाभर गाव तहानलं ते माझ्या तोंडाच्या पट्ट्यापायी.  मी खुर्चीवर बसले.

आणि तरी, लाज वाटते सांगायला, मी काय केलं? पोरांच्या प्रॅक्टिकलच्या वहीत एक रकाना असतो, "बिघाडाचं कारण". मी चोवीसही जणांना सांगितलं, "लिहा, कमी दाब." मनात म्हटलं, मी कबूल केलं तर नाना म्हणतील, जिला स्वतःला मोजता येत नाही ती पोरांना काय शिकवणार? खोली जाईल. वर्ग जाईल. पोरांसाठीच करतेय मी हे. अशी आपली समजूत घातली. पोरांनी मुकाट लिहिलं. डावखुरीने वही मिटून ठेवली.

पुढचे दोन दिवस मात्र, मनात काटा असूनही, माझ्या आयुष्यातले सगळ्यांत भन्नाट दिवस होते. नवरा धुळ्याला जाऊन तार घेऊन आला. तारेच्या दुकानातल्या मारवाडी शेठजींना पोरांचं कळलं, तर त्यांनी नव्या बंडलातली तार स्वतः निवडून दिली आणि निरोप पाठवला की मोटर चालू झाली की कळवा. वर्गात मोटर आडवी ठेवली. एका टोकाला एक पोर, दुसऱ्या टोकाला एक. यावेळी मी रीत मोडली. दोघांनीही मोजायचं, आणि मोठ्याने. "एक!" "एक!" "दोन!" "दोन!" शेजारी बाकीच्या अकरा जोड्यांची रांग, आपली पाळी यायची वाट पाहत. कोणी चुकलं की अख्खी रांग ओरडायची. शेजारच्या वर्गातले गणिताचे सर दोनदा तक्रार करायला आले आणि तिसऱ्यांदा येऊन तिथेच उभे राहिले. मधल्या सुट्टीत पोरं डबे उघडेनात. मी माझ्या हातांना पाठीमागे धरून ठेवलं होतं. खरंच धरून ठेवलं होतं, दुसऱ्या हाताने!

गुरुवारी दुपारी शेवटचा वेढा पडला. डावखुरीचाच. "सव्वीस!" ती ओरडली. ओरडली! एवढ्या महिन्यांत मी तिचा आवाज चढलेला ऐकला नव्हता. मोटरीत पाणी भरलं, कुठे गळती नाही, तारेचं कवच कुठे फाटलेलं नाही, सगळं तपासलं. संध्याकाळी नवऱ्याने चार माणसं घेऊन मोटर बोअरमध्ये उतरवली.

शुक्रवारी सकाळी बोअरवर ही गर्दी! बाया हंडे घेऊन, पोरं झाडावर, नाना खुर्ची टाकून, हेडसर घामाघूम. वायरमनभाऊही आला होता, जोडणी त्याच्या देखरेखीखाली करायची असा नियम. माझ्याकडे न बघता मोटरीच्या बटणाच्या पेटीशी उभा राहिला. परीक्षक बाई धुळ्याकडून आल्या होत्या, साधी सुती साडी, चष्मा, हातात याद्या. त्यांनी पोरांना एकेक प्रश्न विचारायला सुरुवात केली. पोरं अशी फडाफडा उत्तरं देत होती की मला नाचावंसं वाटत होतं. मोटरीत पाणी का? बाई, ऐकाच! तारेची जाडी किती? हे घ्या!

मग डावखुरीची पाळी. परीक्षक बाईंनी तिची वही चाळली आणि थांबल्या. "बाकीचं इतकं सुंदर लिहिलंयस. हा रकाना कोरा का? मोटर का जळली?"

तिने वेणीचं टोक बोटाभोवती गुंडाळलं.

"बाकी सगळ्यांनी लिहिलंय, कमी दाब. तुला नाही वाटत तसं?"

"आम्ही दाब मोजला नाही बाई," ती म्हणाली.

"मग कशाने जळली?"

तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. फक्त एकदा. मग मान खाली घातली. "माहीत नाही," म्हणाली.

परीक्षक बाईंनी पेन उचललं. "मुख्य प्रश्नच हा आहे बाळा. बिघाड सापडला नाही तर दुरुस्ती कशाला म्हणायची? याचे गुण मला देता येणार नाहीत."

वर्गातली सगळ्यांत हुशार पोर, जिने तारा ओळीत मांडून मला शहाणं केलं, ती सगळ्या गावासमोर "माहीत नाही" म्हणून उभी होती. माझ्यासाठी. मला असा राग आला! पहिल्यांदा तिचा आला, मग नानांचा, वायरमनचा, परीक्षक बाईंचा, आणि फिरून फिरून शेवटी जिथे यायला हवा होता तिथे आला.

"थांबा!" मी ओरडले. बाईंच्या हातून पेन पडलं. "तिला माहीत आहे. तिनेच शोधून काढलंय. एका कॉइलमध्ये दोन वेढे कमी होते. आणि ते वाइंडिंग मी केलं होतं. भांडायला उठले आणि मोजायचं चुकले. दाब बरोबर होता. पोरांना खोटं लिहायला मी लावलं. तिने लिहिलं नाही, एवढाच तिचा गुन्हा. कापायचे तर माझे गुण कापा."

 मग नाना खुर्चीत मागे रेलले. "म्हंजे अंगन वाकडं नव्हतं तर," म्हणाले. सगळं गाव हसलं. मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं, पण मी तिथेच उभी राहिले.

परीक्षक बाईंनी वही डावखुरीकडे परत दिली, पेनही दिलं. "जे सापडलं ते लिही." तिने पेटीवर वही टेकवून डाव्या हाताने सावकाश लिहिलं. बडबड्या तिच्या खांद्यावरून वाकून मोठ्याने वाचत होता, "बिघाडाचं कारण, एका कॉइलला दोन वेढे कमी. कसं कळलं, बाराही कॉइल मोजल्या." माझं नाव तिने लिहिलं नाही. मी म्हटलं, "लिही ना, कोणी केलं ते." ती म्हणाली, "मॅडम, त्याला रकाना नाही."

मी वायरमनभाऊंकडे गेले. काय बोलायचं ते ठरवलेलं नव्हतं. "भाऊ, मी तुम्हाला चारचौघांत खोटं पाडलं. चूक माझी होती." त्याने पेटीचं दार उघडलं, आत एकदा पाहिलं, आणि कितीतरी महिन्यांनी माझ्याशी बोलला. "अक्का, व्हय मांगे. पोरीले पुढे येऊ दे."

डावखुरी पुढे गेली. तिने बटण दाबलं. जमिनीखालून घूंऽऽ असा आवाज आला, एकसारखा, कुठेही कुरकुर नाही. करंट मोजायच्या मीटरचा चिमटा पहिल्या तारेभोवती लावून तिने वाचलं, "तेरा." दुसऱ्या तारेला, "तेरा." तिसऱ्या तारेला लावून तिने आकडा दोनदा पाहिला. "तेरा!" तिन्ही फेज सारख्या! त्याच क्षणी पाइपातून पाणी असं उसळलं की पुढच्या रांगेतल्या बाया चिंब. पोरांनी झाडावरून उड्या मारल्या, बडबड्या गाळात घसरून पडला आणि पडल्या पडल्या ओरडत राहिला. हेडसर, कधी आवाज न चढवणारा माणूस, टाळ्या वाजवत होते. मी रडत होते. हो, रडत होते, आणि हसतही होते.

नाना उठले. काठी टेकत पाइपापाशी आले, पाण्यात हात धरून उभे राहिले. मोटर दोन तासांत बंद पडते हे त्यांना माहीत होतं, म्हणून ते तिथेच खुर्ची ओढून बसले. दोन तास झाले. अडीच झाले. परीक्षक बाई गुण लिहून, चहा घेऊन गेल्या. गावची टाकी भरली तेव्हा वायरमनने बटण बंद केलं, मोटर आपणहून थांबली नाही.

मी हेडसरांच्या शेजारी उभी होते. खोलीचं काय, हे विचारायची माझी हिंमत नव्हती. मोटर चालली होती, पण जे कबूल केलं होतं त्यानंतर कोणत्या तोंडाने पैज जिंकले म्हणू? नाना आमच्यासमोर येऊन थांबले. हेडसरांना म्हणाले, "सर, जादा तास मना ओसरीवर घ्या. ती खोली पोरंस्नी शे." मग माझ्याकडे वळले. डोळ्यांत हसू होतं, पण आवाज कडक.

"मनी मळानी मोटर बी तापी ऱ्हायनी. उद्या शाळामा धाडसू. पन मोजतीन ही पोरं. तू नही."

माझं तोंड उघडलं. वीस वर्षांच्या धंद्यात असं मला कोणी बोललं नव्हतं. जिभेवर चार उत्तरं तयार होती, चारही तिखट. पोरं माझ्याकडे बघत होती.

"बराबर शे नाना," मी म्हणाले. "पोरंच मोजतील."